चाखणाऱ्याची बायको

माझा नवरा त्रिएस्तेच्या बंदरावर कॉफी चाखतो.
चमचाभर सुर्रकन ओढायची, जिभेवर घोळवायची
आणि पितळी पिंपात पचकन थुंकायची,
दिवसाला दीडशे वाट्या, एकतीस वर्षं.
ज्याला पगारच मिळतो नाक मुरडण्याचा
त्याला साठाव्या वाढदिवसाला काय द्यायचं, सांगा.

पन्नासाव्याला मफलर दिला होता, कश्मिरी बकरीचा.
ओठांना लावून पाहिला त्यानं.
"बकरी खरी आहे," म्हणाला, "पण म्हातारी."
कफलिंक्स दिल्या. "चांदीच आहे.
घडवणाऱ्याला जेवायची घाई होती."
पेनानं तर लिहिलंच नाही;
झाकण मिटतानाचा आवाज ऐकला फक्त
आणि तापातल्या पोराला निजवावं
तसं डबीत परत निजवलं.
सगळं बोळातल्या कपाटात आहे, खालच्या खणात.

बरं, रागवावं तर दुइलियो खोटं बोलत नाही, हीच पंचाईत.
तो झोपल्यावर मी खण उघडते, मफलरवर हात फिरवते,
आणि खरंच,
बकरी म्हातारी लागते.

इत्ता, माझी बहीण, म्हणते, "मोजे दे. लोकरीचे दोन जोड. मिटव."
इत्ताचे दोन्ही नवरे मोज्यांवर खूश होते.
दोन्ही सोडून गेले.

चौतीस वर्षांत मला काही त्यानं थुंकलं नाही.
एवढं प्रमाणपत्र आहे माझ्याजवळ,
पण ते कुठल्या भिंतीवर टांगायचं?

कालव्यामागच्या गल्लीत म्हातारा प्रेमुदा छत्र्या विकतो.
या गावात! जिथं बोरा सुटला
की कचऱ्याच्या डब्यांतून छत्र्यांचे सांगाडे लोंबतात
मेल्या वटवाघळांसारखे.
त्यानं एक काढली, फडक्यात गुंडाळलेली:
मुठीपासून टोकापर्यंत एकच काठी, चेस्टनटची,
वाफेवर वाकवलेली. रेशीम निळं,
म्हणजे काळं म्हणायला जावं आणि जीभ अडखळावी असं.
किंमत त्यानं तोंडानं सांगितली नाही, कागदावर लिहिली.
मी पोस्टातल्या ओव्हरटाइमचं पाकीट
काउंटरवर पालथं केलं. चारशे ऐंशी युरो.
"दोन दिवस वारा नाही," म्हणाला तो.

बाहेर पाऊस नव्हता. उघडायचं काही कारणही नव्हतं.
पण चारशे ऐंशी युरोंखाली
एकदा तरी उभं राहून बघावं म्हटलं.

कोपऱ्यावर बोरानं मला गाठलं.
आधी टोपी गेली, मग मी खांबाला मिठी मारली,
मग फाटल्याचा आवाज,
अगदी बारीक, उंची कापडाचा.

घरी आले. कागद नाही, रिबन नाही,
शब्दही नाही, नुसती टेबलावर ठेवली.
आता बोल काय ते, म्हटलं मनात. बोल एकदाचा.
त्यानं चष्मा लावला.
मूठ हुंगली. मोडक्या काड्यांवरून बोट फिरवलं,
दोन होत्या, आणि तिसरी वाकलेली.
"सांध्यावर मोडली नाही, बघ," म्हणाला. "सांध्यानं धरून ठेवलंय."
हा आवाज मी एकदाच ऐकला होता,
आमच्या लग्नानंतर चौथ्या वर्षी,
येमेनहून आलेल्या एका पोत्याबद्दल बोलताना.

"कितीची?"
"दोनशे," मी ठोकून दिलं.
"छे." मान वर न करताच. "चारशे ऐंशी."

मी गॅसकडे वळले. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं,
वाऱ्यानं, दुसरं काय.

मग त्यानं सुई मागितली. चिमटा. निळा दोरा.
मी दोरा दिला. दिव्याखाली धरला त्यानं.
"हा निळा नाही, नेरीना."
दुसरा दिला.
"हा तर शाळेच्या गणवेशाचा."
सूप उतू चाललेलं, खिडक्या खडखडतायत,
आणि मी डबा उपडा करून जमिनीवर बसलेले,
तिसरा निळा शोधत.